तालमीचा पैसा कुणाकडे मागायचा?

प्रश्न पुण्यात धायरीला राहणाऱ्या एका ताईंचा आहे. सात वर्षं त्या दर शनिवारी-रविवारी वस्तीतल्या तीसेक मुलांचा नाटक आणि गाण्याचा वर्ग घेतात. आजवर सगळं पदरमोड करून चाललं. आता झेपत नाही. त्या विचारतात, "धर्मादाय देणग्या किंवा अनुदान आमच्यासारख्यांना खरंच मिळतं का? मिळालं तर वर्गाचं नेमकं काय भलं होतं? आणि सुरुवात कुठून करायची?"

ताई, मिळतं. मात्र बहुतेकांना ते प्रयोगासाठी मिळतं, आणि वर्ग जगतो तालमीवर. मी तेवीस वर्षं या कामात आहे. आधी मुलांना नाटक शिकवलं, मग छोट्या संस्थांचे अर्ज लिहून दिले, आणि गेली काही वर्षं एका न्यासाच्या निवड समितीवर बसून दुसऱ्यांचे अर्ज वाचतो आहे. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर एकच गोष्ट पक्की सांगावीशी वाटते. दहातल्या आठ अर्जांत महोत्सव, बॅनर, ट्रॉफ्या, पाहुण्यांचं मानधन, व्हिडिओ शूटिंग असं सगळं असतं. शिकवणाऱ्याचं नाव असतं, पण त्याच्यापुढे आकडा नसतो. तुम्ही अर्ज लिहाल तेव्हा तालमीचा पैसा मागा.

तुमच्याच वर्गाचा हिशेब करून पाहू. तीस मुलं, आठवड्याला दोन तालमी, वर्षाचे दहा महिने. म्हणजे साधारण ऐंशी तालमी. दोन शिक्षक, प्रत्येकाला तालमीमागे आठशे रुपये धरले तर १,२८,००० होतात. मुलांना खाऊ, डोक्यामागे वीस रुपये, म्हणजे ४८,०००. जागेचं भाडं तालमीला तीनशे, म्हणजे २४,०००. वर्षाला दोन प्रयोग, नाट्यगृह, प्रकाश, ध्वनी मिळून ४०,०००. नेपथ्य-वेशभूषा २०,०००. हिशेब आणि ऑडिट २५,०००. बेरीज २,८५,०००. एका मुलामागे वर्षाला साडेनऊ हजार, महिन्याला साडेनऊशे. यात प्रयोगांचा वाटा, नेपथ्य धरूनही, जेमतेम पाचवा हिस्सा आहे. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण मांडणी हीच ठेवा. "आम्हाला मदत करा" या वाक्याने देणगीदार गोंधळतो. "एका मुलाचं वर्ष साडेनऊ हजारांत होतं" म्हटलं की त्याला स्वतःची जागा दिसते. कुणी एका मुलाचं वर्ष उचलतो, कुणी पाच मुलांचं.

आणि स्वतःचं मानधन त्यात लिहा. सात वर्षं फुकट केलं म्हणून आठव्या वर्षी मागायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण तुम्ही दमून थांबलात तर वर्ग बंद होतो, हे देणाऱ्यालाही कळायला हवं.

या बाबतीत आपल्याकडचा इतिहास पाहा. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. तोवर गाणं शिकायचं तर बहुधा दरबाराचा आश्रय असलेल्या उस्तादाचं घर गाठावं लागे. पलुसकरांनी विद्यालय चालवलं ते लोकांच्या देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या कमाईवर. पुढे मुंबईत मोठी इमारत उभारताना कर्ज झालं आणि ती वास्तू कर्जापायी गेली. पण त्यांनी तयार केलेली माणसं राहिली. त्यांतल्या विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं आणि आजही तिथे मुलं गाणं शिकताहेत. देणगीची रक्कम माणूस घडवण्यात गेली की ती किती लांबवर पोचते, हे मला या उदाहरणाइतकं कुठेच स्पष्ट दिसलं नाही.

नाटकाचंही असंच एक उदाहरण पुण्यात आहे. १९७३ साली स्थापन झालेल्या थिएटर अकॅडमी या नाट्यसंस्थेला १९८५ ते १९९४ या काळात अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचं साहाय्य मिळालं. नाटककार सतीश आळेकरांनी आखलेल्या दोन योजनांसाठी ते होतं. एक नाटककारांच्या घडणीसाठी, दुसरी प्रादेशिक नाट्यगटांच्या बांधणीसाठी. भपकेदार निर्मिती करायला तेच पैसे वापरता आले असते. त्यांनी ते लिहिणाऱ्यांवर आणि गटांवर लावले. अनुदान मागताना काय मागावं याचा हा धडा मी प्रत्येक नव्या संस्थेला सांगतो.

आता देतं कोण, ते पाहू.

मोठा पैसा आज सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायच्या खर्चाचा आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी वा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. पुण्याच्या आसपास, चाकणपासून हिंजवडीपर्यंत, अशा कंपन्यांची कमी नाही. पैसा कशावर खर्च करता येतो ते कायद्याच्या सातव्या परिशिष्टात दिलं आहे. त्यात शिक्षण आहे, आणि कला-संस्कृतीचं जतन, पारंपरिक कलांचा विकास हेही आहे. तुमचा वर्ग दोन्हींत बसतो. माझा सल्ला आहे की शिक्षणाखाली मागा. कला म्हटलं की कंपनीच्या समितीला वारसा वास्तू किंवा हस्तकला आठवते, मुलांची तालीम आठवत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक कलावंतांना शाळेत बोलावून त्यांच्याकडून शिकवून घेण्याची शिफारस आहे. तिचा एका ओळीत उल्लेख केलात तर अर्जाला वजन येतं.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाने जून २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केलं आहे की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, टीव्ही कार्यक्रमांचं प्रायोजकत्व असे एकदाच होणारे प्रकार सीएसआर धरले जाणार नाहीत. म्हणजे आपण ज्या महोत्सवासाठी कंपन्यांचे उंबरे झिजवतो, त्याला सीएसआरचा पैसा मिळणं मुळातच अवघड. वर्षभर चालणाऱ्या वर्गाला तो मिळू शकतो. शिवाय शिक्षकांचं मानधन अंदाजपत्रकात 'प्रशासन' या रकान्यात टाकू नका. तो प्रकल्पाचा थेट खर्च आहे. रकाना चुकला की वाचणाऱ्याची कात्री पहिली तिथेच लागते.

सीएसआरच्या वेळापत्रकाचा फटका मी स्वतः खाल्ला आहे. एका वर्षी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका कंपनीतून फोन आला, तीन लाख देतो, पण ३१ मार्चपर्यंत खर्चाचं प्रमाणपत्र हवं. मी हो म्हणालो. दोन आठवड्यांत तीन लाख तालमींवर खर्च होत नाहीत. मोठा कार्यक्रम केला, ध्वनियंत्रणा विकत घेतली, सगळ्यांना टी-शर्ट दिले. जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा आमच्याकडे दोन स्पीकर होते आणि गाणं शिकवणाऱ्या बाईंना द्यायला पैसे नव्हते. त्या दुसरीकडे लागल्या, त्यांच्यामागे नऊ मुलं गेली. कायद्यात अनेक वर्षं चालणाऱ्या प्रकल्पाची सोय आहे. त्या वर्षीचा न खर्चलेला पैसा कंपनी वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत देऊ शकते. तेव्हा मला ते माहीत नव्हतं. तुम्ही पहिल्याच बैठकीत ते विचारा, आणि अर्ज एप्रिल ते जूनमध्ये द्या, जानेवारीत नको.

कलेसाठीच अनुदान देणाऱ्या संस्था देशात मोजक्या आहेत. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स १९९५ पासून अनुदानं देतं, संशोधनाला, प्रत्यक्ष कलानिर्मितीला, कलाशिक्षणाला. त्यांचा कलाशिक्षणाचा 'कलि-कलिसु' हा कार्यक्रम कर्नाटकातल्या शाळांपुरता आहे, पण तो कसा आखला आहे ते जरूर पाहा. त्यात शिक्षकाला केंद्रस्थानी ठेवलं आहे आणि गावातली कला वर्गात आणली आहे. आपल्याकडच्या शाळांना त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

सरकारी योजनांपैकी तुमच्या वर्गाला थेट उपयोगी दोन. दहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती आहे. तुमच्याकडे एखादं मूल खरोखर गात असेल किंवा तबला वाजवत असेल तर त्याचा अर्ज भराच. अठरा ते पंचवीस वयोगटासाठी केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची तरुण कलाकारांची शिष्यवृत्ती आहे, महिना ५,००० रुपये, दोन वर्षं. तुमच्या वर्गातून मोठी झालेली मुलगी तुमच्याच वर्गात शिकवायला लागली असेल, तर तिच्यासाठी ही पाहा. संस्थांना मिळणारं सरकारी अनुदान सहसा हप्त्यांनी येतं, आणि पुढचा हप्ता आधीच्या खर्चाच्या उपयोगिता प्रमाणपत्रानंतर, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्चला असा दाखला दिल्यावर. तोवर हातातले पैसे घालावे लागतात. तुमच्या आकाराच्या वर्गाने पहिल्याच वर्षी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

राहिले आपले लोक. पुण्यातली बहुतेक गणेश मंडळं वर्गणीवर उभी आहेत, आणि मंडळांच्या जिवंत देखाव्यांत काम करून कितीतरी मुलं पहिल्यांदा लोकांसमोर उभी राहिली आहेत. वस्तीची रंगभूमी म्हणजे आणखी काय वेगळं असतं? तुमच्या भागातल्या मंडळाकडे रोख मागण्याआधी खोली मागा. वर्षातले अकरा महिने ती संध्याकाळी बहुधा बंद असते. महापालिकेचं समाजमंदिर, शाळेचा हॉल यांचंही तेच. वरच्या हिशेबातले २४,००० तिथेच वाचतात. मात्र एक सांभाळा. नोंदणी नसताना स्वतःच्या नावाने पावतीपुस्तक छापून वर्गणी गोळा करू नका. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क खाली त्यासाठी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते.

नोंदणीबद्दल सगळे घाई करतात. तुम्ही करू नका. सीएसआरचा पैसा घेणाऱ्या संस्थेकडे आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) नोंदणी हवी, कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ हा फॉर्म भरलेला हवा, आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. (१ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत. तोंडात जुनीच नावं बसली असली तरी कागदावर काय लिहायचं ते सीएंना विचारा.) आज काढलेल्या न्यासाकडे तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब कुठून येणार? त्यापेक्षा कलाशिक्षण हे ज्यांच्या घटनेत उद्दिष्ट म्हणून लिहिलेलं आहे, अशा एखाद्या जुन्या संस्थेचा उपक्रम म्हणून दोन-तीन वर्षं काम करा. पुण्यात अशा संस्था भरपूर आहेत. भारत गायन समाज १९११ चा, भरत नाट्य संशोधन मंदिराची मुळं १८९४ पर्यंत जातात, आणि पेठांमधून त्यांच्याहून लहान, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या कितीतरी आहेत. लेखी करार करा. पैसा कुठल्या खात्यात येईल, सही कुणाची, संस्था स्वतःसाठी किती टक्के ठेवेल, वर्गाचं नाव कुणाचं, हे सगळं आधीच कागदावर येऊ द्या.

करार करण्याआधी त्या संस्थेचं परिशिष्ट एक, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या तिच्या नोंदीचा उतारा, मागून घ्या आणि त्यावरची विश्वस्तांची नावं वाचा. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, आणि जुन्या संस्थांत हेच राहून गेलेलं असतं. एका संस्थेचं मंजूर झालेलं अनुदान मी असं अडकलेलं पाहिलं आहे. कागदावरच्या सातांपैकी चार विश्वस्त हयात नव्हते. मुलं वर्षभर थांबली. थांबली म्हणजे मोठी होऊन वर्गातून निघून गेली.

छोट्या देणगीदारांना ८०जीचं आकर्षण पूर्वी होतं तेवढं आता नाही, कारण आयकराच्या नव्या कररचनेत ही वजावट मिळतच नाही आणि नोकरदार वर्ग मोठ्या प्रमाणात तिकडे गेला आहे. जुन्या रचनेतल्यांनाही दोन हजारांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. म्हणून पैसे बँकेतूनच घ्या. आणि देणगीदाराला पावतीसोबत तालमीचं आमंत्रण द्या, प्रयोगाचं नंतर. खुर्ची टाकून दीड तास बसू द्या. आमचे सगळ्यात दीर्घकाळ टिकलेले देणगीदार तालमीतून मिळालेले आहेत.

त्यांच्यातले एक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, अहवाल मागत नसत. दर तीन महिन्यांनी हजेरीपट मागत. सुरुवातीला मला ते जाचाचं वाटलं. एकदा ते म्हणाले, ही मुलगी डिसेंबरपासून रविवारी येत नाही, का? मला माहीत नव्हतं. चौकशी केली तर आई रविवारीही धुणीभांडी करायला जात होती आणि धाकट्या भावाला सांभाळायचं काम हिच्याकडे आलं होतं. मग आम्ही अंदाजपत्रकात एक नवी ओळ घातली. धाकट्या भावंडांना तालमीच्या वेळी शेजारच्या खोलीत सांभाळणाऱ्या मावशींचं मानधन. त्या वर्षी अकरा ते चौदा वयाच्या पाच मुली परत आल्या. ही ओळ कुठल्याच अर्जाच्या छापील नमुन्यात नसते. तुमच्या वर्गाचीही अशी एखादी ओळ असेल. ती शोधा आणि अर्जात घाला. ती वाचणाऱ्याला कळतं की हा वर्ग खरा आहे.

शिक्षकांविषयी एक अनुभव सांगतो. आमच्याकडे ढोलकी शिकवायला एक मामा यायचे. आयुष्य तमाशाच्या फडात गेलेलं. नारायणगावच्या राहुट्यांवर सुपाऱ्या ठरायच्या तेव्हा घेतलेली उचल फेडता फेडता पुढचा हंगाम यायचा, अशी चाळीस वर्षं. निधी देणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांनी विचारलं, यांची शैक्षणिक पात्रता काय? मी कागद पुढे केला नाही, त्यांना तालमीला बोलावलं. मामांनी आठ वर्षांच्या पोराला मांडीशी बसवून बोटं कशी पडायला हवीत ते दाखवलं, आणि मग स्वतः वाजवून दाखवलं. मानधन मंजूर झालं. पण त्यांचं पॅन कार्ड नव्हतं आणि बँकेचं खातं वर्षानुवर्षं वापराविना बंद पडलेलं होतं, ते उघडून घ्यायला आम्हाला दोन महिने लागले. लोककलावंत शिकवायला घेणार असाल तर ही कागदपत्रं पैसा येण्याआधी पुरी करून ठेवा. न्यासाने एका माणसाला एका दिवसात दहा हजारांवर रोख दिले तर आयकरात तो खर्च न्यासाच्या उद्दिष्टावर झाला असं धरत नाहीत, आणि त्याचा मनस्ताप शेवटी त्या कलावंतालाच होतो.

पैसा येतो तेव्हा अटी येतात. काही अटी रास्त असतात, हिशेबाच्या अटी तर असायलाच हव्यात. पण स्वच्छतेवर किंवा वाहतुकीच्या नियमांवर नाटक बसवा, असं सांगितलं जातं तेव्हा थांबून विचार करा. मी अशा वेळी म्हणतो, एक पथनाट्य तुमच्या विषयावर करू, वर्षाचं मोठं नाटक मुलं स्वतः ठरवतील. बहुतेक जण मानतात. एकदा मुलांनी स्वतः ठरवलेलं नाटक पाण्याच्या टँकरवर निघालं, आणि कुठलाही संदेश लिहून दिला असता तरी त्यात इतकं खरं आलं नसतं.

एका अटीला मात्र मी कधीच हो म्हटलेलं नाही. मुलांना मोठ्या पुठ्ठ्याच्या धनादेशामागे उभं करून, वर 'गरीब वस्तीतील मुले' असं लिहून फोटो काढायचा नाही. ही मुलं रंगमंचावर राजा होतात, म्हातारी होतात, झाड होतात. त्यांना पुन्हा त्याच एका ओळखीत उभं करायचं असेल तर वर्ग कशाला चालवायचा? करारात लिहून घ्या की फोटो नाटकाचे असतील, पालकांची लेखी संमती असेल आणि आर्थिक परिस्थितीचा उल्लेख नसेल. यावर एक देणगीदार आमच्यापासून दूर गेले. ते वर्ष कठीण गेलं, पण त्या निर्णयाचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तर आता सुरुवात. या महिन्यात हजेरीपट नीट लावा, मागचा सापडेल तेवढा जुळवा. आठवड्याभरात वरच्यासारखा एका पानाचा हिशेब तुमच्या दरांनी लिहा. दोन जुन्या संस्थांच्या कार्यवाहांना जाऊन भेटा, पत्र पाठवून वाट पाहू नका. मंडळाकडे खोलीचं बोला. आणि पहिल्या वर्षी पूर्ण २,८५,००० मागू नका. खोली मंडळाची मिळाली, खाऊ पालकांनी आळीपाळीने आणला, तर २,१३,००० उरतात. त्यातलं दोन शिक्षकांचं १,२८,००० एका देणाऱ्याकडे एकत्र मागा, दोन वर्षांसाठी. बाकीचं मुलांमागे एकेक करून गोळा होईल. अर्जासोबत हजेरीपटाच्या एका पानाची झेरॉक्स जोडा, मुलांची आडनावं झाकून, खाडाखोड असेल तशी राहू द्या.